ऑफिस घ्या, पण चारच खुर्च्यांचं

"ताई, सहा वर्षांपूर्वी आम्ही तिघींनी हडपसरच्या रामटेकडी आणि वैदूवाडीत शाळेनंतरचे वर्ग सुरू केले. आज सात केंद्रं आहेत, पुढच्या वर्षी बारा करायची तयारी चालली आहे. नऊ जणी पूर्णवेळ पगारावर आहेत, शिवाय वस्तीतल्याच चौदा ताया मानधनावर शिकवतात. वर्षाचा खर्च साधारण ४८ लाख. ऑफिस अजून माझ्या घरच्या हॉलमध्येच आहे, कारण भाडं शून्य. बाल्कनीत साहित्याची खोकी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. व्हाउचर मी रात्री लिहिते. सासूबाईंनी कधी तक्रार केली नाही, पण दुपारी त्या आतल्या खोलीत जातात त्या संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाहीत.

आता एका फाउंडेशनने बाणेरला शिक्षणातल्या वाढत्या संस्थांसाठी एकत्र जागा केली आहे. आठ-नऊ संस्था शेजारी शेजारी बसतात. मीटिंग रूम सामाईक, अकाउंटंट सामाईक, निधी कसा उभारायचा याचं मार्गदर्शन, असा दोन वर्षांचा कार्यक्रम आहे. आम्हाला सहा खुर्च्या देतो म्हणतात, एका खुर्चीचे महिन्याला ४,५०० रुपये. आमचे ज्येष्ठ विश्वस्त निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते म्हणतात, 'मुलांच्या नावाने आलेला पैसा खुर्च्यांवर घालायचा नाही. आणि सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी देणाऱ्या कंपन्या, पाच टक्क्यांच्या वर प्रशासनाला देत नाहीत.' परवा वस्तीतली एक ताई हसत म्हणाली, 'म्हणजे आता तुम्ही एसीत बसणार.' ते फार लागलं. काय करू?
एक कार्यकर्ती, पुणे"

प्रिय मैत्रीण,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. ती जागा घ्या. मात्र सहा नको, चारच खुर्च्या घ्या, संस्थेचा नोंदणीचा पत्ता हलवू नका, आणि दोन खुर्च्यांचे जे पैसे वाचतील त्यातून वस्तीतच एक खोली भाड्याने घ्या. या तिन्ही गोष्टी एकत्र जमणार असतील तरच जा. नुसतं घरातून बाणेरला ऑफिस हलवणार असाल, तर मी तुमच्या मुख्याध्यापक सरांच्या बाजूने मत देईन.

आता त्या शून्य भाड्याबद्दल. तुमचं ऑफिस फुकट नाही. त्याचं भाडं सासूबाई भरत आल्या आहेत, रोज दुपारी. महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्था अशाच कुणाच्या तरी पुढच्या खोलीत जन्मल्या, आणि त्या घरातली एक बाई चहा टाकत, चपला बाजूला सारत, पाहुण्यांना आत बोलवायचं टाळत राहिली. तिचं नाव देणगीदारांच्या यादीत कधी आलं नाही. तुम्ही त्यांना "तुम्हाला त्रास होतो का?" असं विचारू नका, त्या "नाही गं" म्हणतील. तारीख सांगा. अमुक महिन्याच्या एक तारखेपासून हॉल तुमचा, खोकी त्याआधी हलतील. आणि यंदाच्या वार्षिक अहवालात, हिशेबाच्या पानावर नाही तरी आभाराच्या पानावर, सहा वर्षं जागा देणारी व्यक्ती म्हणून त्यांचं पूर्ण नाव छापा. बाणेरचा निर्णय काहीही होवो, हे कराच. हॉल रिकामा करण्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

पैशाचं गणित नीट मांडू या, कारण विश्वस्तांच्या बैठकीत ते लागेल. खुर्चीचे ४,५०० म्हणजे बहुधा जीएसटी सोडून. अशा सामाईक जागांच्या शुल्कावर १८ टक्के लागतात, आणि तुमच्यासारख्या मोफत शिकवणाऱ्या संस्थेला ते कुठून परत मिळत नाहीत. म्हणजे एक खुर्ची ५,३१० रुपयांना. सहा खुर्च्यांचे महिन्याला ३१,८६०, वर्षाला ३,८२,३२०. तुमच्या ४८ लाखांचे जवळजवळ आठ टक्के. चार खुर्च्यांचे वर्षाला २,५४,८८०, म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. फरक महिन्याला १०,६२० रुपयांचा. रामटेकडीच्या आसपास एक साधी खोली त्यात बसवायचा प्रयत्न करा. जीएसटी आत की बाहेर, अनामत किती, दुसऱ्या वर्षी दर वाढणार का, मीटिंग रूमचे तास मोजणार का, हे आधी लेखी विचारून घ्या. अनामत जर तीन महिन्यांची असेल तर ती पहिल्याच महिन्यात पगाराच्या पैशातून जाते, हे लक्षात असू द्या.

सरांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. मुलांच्या नावाने आलेल्या पैशावर नजर ठेवणारा विश्वस्त ज्या संस्थेत आहे ती संस्था भाग्यवान. पण त्यांना एक प्रश्न विचारा, आदराने: सर, तुमच्या शाळेत लिपिक होते ना? जनरल रजिस्टर, दाखले, पगारबिलं, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे सगळं त्यांच्याकडे होतं म्हणूनच वर्गावरचा शिक्षक वर्गावर राहू शकला. तेच काम शिक्षकांनी रात्री घरी जाऊन करावं, असं त्यांनी मुख्याध्यापक असताना कधी म्हटलं असतं का? तुम्ही रात्री व्हाउचर लिहिता, म्हणजे तुमच्या संस्थेत लिपिक आहे, फक्त त्याला पगार नाही आणि झोपही नाही. सात केंद्रांपर्यंत हे निभलं. बाराला निभणार नाही. माझं बरंचसं आयुष्य संस्थांच्या हिशेबात आणि विश्वस्तांच्या बैठकांत गेलं आहे, आणि चांगल्या संस्था शिकवण्यात कमी पडून बंद झाल्याचं मी फार कमी पाहिलं. त्या थकल्या त्या यूटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे निधी कुठे वापरला याचा दाखला, वेळेत न गेल्याने, ऑडिट लांबल्याने, पुढचा हप्ता अडकल्याने, आणि मग मानधन दोन महिने उशिरा झाल्याने. मानधन उशिरा झालं की वर्गावरची ताई जाते. हिशेब आणि मुलं यांच्यात एवढंच अंतर असतं.

त्या पाच टक्क्यांचाही घोळ सोडवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली सीएसआर येतं, आणि जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनावर आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं, त्याचं मूल्यमापन करणं यासाठी थेट होणारा खर्च त्या व्याख्येत येत नाही. कितीतरी कंपन्यांचे अधिकारी स्वतःच याची गल्लत करतात आणि संस्थांना पाच टक्क्यांची रेघ आखून देतात, आणि संस्थाही मान खाली घालून ती मानतात. तुम्ही प्रपोजलमध्ये "ऑफिस भाडं" अशी एकच ओळ टाकू नका. बारा केंद्रांचा हिशेब कोण ठेवणार, मुलांच्या चाचण्यांची नोंद कोण करणार, अहवाल कोण लिहिणार, आणि त्या माणसाला बसायला जागा किती रुपयांत मिळणार, हे कामासकट लिहा. काही जण तरीही नाही म्हणतील. पण न मागता गृहीत धरून सोडून देऊ नका.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट, जी तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला मात्र थांबवून गेली. नऊ पगारी आणि चौदा मानधनावर. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा माणसांपासून तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती मागतो, आणि त्यातली "कर्मचारी" ही व्याख्या मानधनावरच्या, अगदी विनामोबदला काम करणाऱ्या माणसांनाही धरते. म्हणजे तुम्हाला समिती आजच हवी, बाहेरच्या सदस्यासह. वस्तीत एकटीने वर्ग घेणाऱ्या चौदा बायका आहेत तुमच्याकडे, कुणाला काही सोसावं लागलं तर तिने कुठे जायचं हे तिला माहीत असायलाच हवं. शिवाय माणसं वीस किंवा त्याहून जास्त झाली की भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न येतो, आणि "मानधन" असं नाव दिल्याने तो आपोआप सुटत नाही. हे सीएला बसवून विचारा. बाणेरच्या लोकांकडून या कामाचीच मदत आधी मागा. मसुदे, प्रशिक्षण, समितीसाठी बाहेरची सदस्य कोण मिळेल याचा शोध. समिती मात्र तुमच्याच संस्थेची हवी. आठ संस्था शेजारी बसतात म्हणून एक समिती सगळ्यांना चालत नाही.

खरं तर खुर्ची हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत लहान भाग आहे. तशी खुर्ची पुण्यात कुठेही मिळते. तुम्ही पैसे मोजणार आहात ते नीट हिशेब ठेवणाऱ्या माणसासाठी आणि शेजाऱ्यांसाठी. म्हणून त्या सामाईक अकाउंटंटबद्दल नेमकं विचारा: महिन्यातले किती तास तुमचे? व्हाउचर तो लिहिणार की तुम्ही लिहिलेली तपासणार? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा कुणाच्या नावावर, आणि निघताना तो तुम्हाला पूर्ण मिळणार का? "सल्ला देतो" आणि "काम करून देतो" यांत तुमच्या रात्रीच्या झोपेइतका फरक आहे. नुसता सल्लाच मिळणार असेल तर तो खुर्चीशिवायही मिळू शकतो. मुंबईतली आत्मा ही संस्था शिक्षणातल्या छोट्या संस्थांबरोबर बसून हेच काम करत आली आहे, टीच फॉर इंडियाचा इनोव्हेटएड हा उपक्रम आहे, बंगळुरूची नज ही संस्था आहे. बाणेरला हो म्हणण्याआधी यांचेही अर्ज कधी निघतात ते पाहून ठेवा.

शेजाऱ्यांचं मोल मात्र कागदावर मांडता येत नाही. आयकर सवलतीच्या नोंदणीचं नूतनीकरण नुकतंच करून बसलेली बाई शेजारच्या टेबलावर असणं, कुठला बँक मॅनेजर संस्थांचे कागद समजून घेतो हे डबा खाताना कळणं, दुसऱ्या संस्थेची मुलं परिच्छेद वाचण्यावरच अडकली तेव्हा त्यांनी काय केलं हे ऐकणं. एकट्याने संस्था चालवणाऱ्या माणसाला आपलं दुखणं जगावेगळं वाटत असतं. ते तसं नाही हे समजायला समदुःखी माणसं रोज दिसावी लागतात. तुमच्या पत्रात "काय करू?" हा प्रश्न ज्या थकव्यातून आला आहे, त्याला मी देऊ शकते त्यापेक्षा बरं उत्तर त्या डब्याच्या वेळेत मिळेल.

आणि आता त्या ताईचं वाक्य. ते तुम्हाला लागलं, कारण त्यात खरं आहे. ती एसीबद्दल बोलत नव्हती. तुम्ही आमच्यापासून लांब जाणार का, हे ती विचारत होती. रामटेकडीहून बाणेर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. पीएमपीच्या बसने गेलं तर जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. तुमच्या नऊपैकी सहा जणी रोज तिथे बसल्या, तर महिनाभरात कुणाच्याही लक्षात न येता संस्थेचं मन बाणेरला जाईल. केंद्रावर जायचं म्हणजे "व्हिजिट" होईल. कुठल्या गल्लीत कुणाचं घर पाडलं, कोणती मुलगी चार दिवस आली नाही आणि का, हे आज तुम्हाला चालता चालता कळतं. ते मग तक्त्यातून कळायला लागेल, तेही उशिरा.

म्हणून चार खुर्च्या. एक तुमची, आठवड्यातले दोन-तीनच दिवस. एक हिशेबाची. एक अहवाल आणि निधीचं काम करणारीची. चौथी कुणाच्याच नावाची नको. ती केंद्रप्रमुखांसाठी आणि मानधनावरच्या तायांसाठी ठेवा, आळीपाळीने. कुणाला संगणक शिकायचा असेल, कुणाला दुसऱ्या संस्थेच्या शिक्षिकेबरोबर बसून गणिताचं साहित्य करायचं असेल, कुणाला फक्त एक दिवस शांतपणे स्वतःच्या वर्गाचा विचार करायचा असेल. त्या दिवसाचा प्रवासखर्च आणि मानधन संस्थेने द्यायचं. एसीत बसणार का असं जिने विचारलं, तिला पहिल्या आठवड्यात ती खुर्ची द्या. तिचं मन राखण्यासाठी नव्हे. सहा वर्षं वर्ग घेतलेल्या बाईकडे शिकवण्याबद्दल सांगण्यासारखं आहे, आणि त्या आठ संस्थांनी ते ऐकायला हवं.

इथे फाउंडेशनला विचारायचा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न येतो: तुमची प्रशिक्षणं मराठीत होतील का? अशा ठिकाणी बहुतेक सगळं इंग्रजीत चालतं. सादरीकरण इंग्रजीत, निधीच्या गोष्टी इंग्रजीत, चहाच्या वेळच्या गप्पाही अर्ध्या इंग्रजीत. तुमच्या ज्या केंद्रप्रमुखाने तीनशे घरांतून फिरून आयांना वर्गाशी जोडलं, ती तिथे मागच्या रांगेत गप्प बसेल, आणि छान बोलणारी, नुकतीच रुजू झालेली मुलगी पुढे दिसायला लागेल. दोन वर्षांत संस्थेतली उतरंड बदलते, कुणी तसं ठरवलेलं नसताना. मला याची काळजी भाड्यापेक्षा जास्त वाटते. तेव्हा करारातच घाला की महिन्यातलं किमान एक सत्र मराठीत होईल, आणि शक्य असेल तर तुमच्या वस्तीतल्या खोलीवर येऊन होईल. पुण्यात मराठीत शिकवू शकणारी अनुभवी माणसं भरपूर आहेत, अडचण आहे ती कुणी मागत नाही ही.

वस्तीतली खोली ही चैन समजू नका, तीच तुमचं खरं ऑफिस. साहित्याची खोकी तिथे, आयांच्या बैठका तिथे, चौदा जणींचा महिन्याचा मेळ तिथे. बाणेरला आई येणार नाही, येऊही शकणार नाही. दाराला कुलूप, एक कपाट, पंखा, पाण्याची सोय एवढं पुरे. खोली मिळत नसेल तर समाजमंदिराची चौकशी करा, महापालिकेच्या शाळेत रिकामा वर्ग असेल तर शिक्षण विभागाकडे रीतसर अर्ज द्या. केंद्रांसाठी मात्र कधीही इमारतीच्या मागे लागू नका. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या प्रथम या संस्थेने बालवाड्या चालवल्या त्या देवळात, कुणाच्या घरात, मिळेल त्या मोकळ्या कोपऱ्यात. आकांक्षा या संस्थेने दुपारी रिकामे पडणारे शाळांचे वर्ग वापरले. डोअरस्टेप स्कूलने तर बसमध्येच शाळा भरवली. यांतल्या कुणाचंही काम जागेमुळे अडलं नाही, कारण शिकवण्याची जागा त्यांनी नेहमी मुलांच्या पायाखाली शोधली. तुम्हीही सात केंद्रं तशीच उभी केलीत. बारा करतानाही तेच करा, आणि भाडं भरायचं ते फक्त हिशेबाच्या टेबलाला आणि त्या एका खोलीला.

नोंदणीच्या पत्त्याबद्दल मी वर एका ओळीत लिहिलं, पण कारण सांगायला हवं, कारण उत्साहात हीच चूक होते. नवं चकचकीत ऑफिस मिळालं की लेटरहेड बदलतं, आणि मग कुणीतरी म्हणतं पत्ताही बदलून टाकू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे नोंदीत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो मंजूर व्हायला लागेल तेवढा वेळ लागतो, आणि तोवर विश्वस्त नोंदवहीच्या (पीटीआर) उताऱ्यावर एक पत्ता, पॅनवर दुसरा, बँकेत तिसरा. सीएसआर निधीसाठीची नोंदणी (सीएसआर-१), संस्थांच्या सरकारी नोंदीचं दर्पण पोर्टल, देणगीदाराच्या करसवलतीची पावती, सगळीकडे तोच धागा ओढत जायचा. आणि कार्यक्रम दोन वर्षांचा! पहिला बदल मंजूर होईपर्यंत दुसऱ्याची वेळ येईल. नोंदणीचा पत्ता घराचाच राहू द्या, सासूबाईंना फक्त टपाल घ्यावं लागेल. बाणेरचा पत्ता पत्रव्यवहारासाठी वापरा, लेटरहेडवर दोन्ही छापा. भेटीला येणाऱ्या कंपनीच्या माणसांना आधी वस्तीतल्या खोलीवर न्या, मग बाणेरला. हा क्रम उलटा करू नका.

मुलांच्या माहितीबाबत कडक राहा. सामाईक जागेत लॅपटॉप उघडे राहतात, भिंतीवर तक्ते लागतात, फोटो सहज एकमेकांकडे जातात. फाउंडेशन तुमच्याकडे "डेटा" मागेल. तो संख्येत द्या: किती मुलं अक्षर ओळखतात, किती शब्दांपर्यंत आली, किती गोष्ट वाचतात. नाव, पत्ता, फोटो, घरची परिस्थिती यातलं काहीही बाहेर जाणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. वैदूवाडीतल्या मुलीच्या घरची हकिगत हा कुणाच्या सादरीकरणाचा माल नाही.

फाउंडेशन खुर्चीबरोबर थोडी रोख मदतही देऊ म्हणालं, तर ती कुठल्या खात्यातून येणार हे विचारा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, दोघींची परदेशी देणगी घेण्याची (एफसीआरए) नोंदणी असली तरीही नाही. देशातल्या पैशातून येत असेल तर प्रश्न नाही. पण बोलणी गोड चाललेली असताना हा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि नंतर त्रास दोन्हीकडे होतो.

करार दोन पानांचा पुरे, पण लेखी हवा आणि त्यात काही गोष्टी स्पष्ट हव्यात. तुम्ही एक महिन्याच्या सूचनेने बाहेर पडू शकता. तुम्ही तयार केलेलं साहित्य तुमचंच. तुमच्या देणगीदारांशी तुम्हीच बोलणार, ओळख करून दिली म्हणून कुणाचा हक्क निर्माण होत नाही. फाउंडेशनचं कुणीही तुमच्या बँकेत सही करणार नाही आणि कार्यक्रम चालू असेपर्यंत तुमच्या विश्वस्त मंडळावर येणार नाही. त्यांचा लोगो अहवालात एका ओळीत येईल, केंद्राच्या पाटीवर नाही. चांगले लोक या अटी सहज मान्य करतात. जे पाटीसाठी हट्ट धरतील त्यांना नमस्कार करून निघा, मग मीटिंग रूम कितीही छान असो. बाहेर पडण्याचं कलम लिहायचं काम सरांना द्या. विरोध करणाऱ्या माणसाला सुटकेचा दरवाजा कुठे असावा हे सर्वांत नीट कळतं, आणि त्यांनी स्वतः लिहिलेल्या कलमासह ठराव आला तर ते इतिवृत्तावर मनापासून सही करतील. ठरावात रक्कम घाला: चार खुर्च्या, वर्षाला अमुक इतक्याच्या वर नाही, सहा महिन्यांनी फेरविचार.

दोन वर्षांनी काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी धरा. सवलतीची खुर्ची सोडून बाजारभावाने जागा घ्यायची वेळ येईल तेव्हा हातात काहीतरी हवं. धर्मादाय संस्थेला उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्च दाखवावे लागतात, उरलेले १५ टक्के मागे ठेवायला मुभा असते. ती मुभा छोट्या संस्था फार क्वचित वापरतात, कारण शिल्लक दिसली की देणगीदार नाराज होईल अशी भीती असते. सीएसआरच्या पैशातून राखीव निधी होत नाही, म्हणून वैयक्तिक देणग्यांतून करा. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला दोन-पाच हजार देणारी माणसं तुमच्याकडे सहा वर्षांत नक्कीच जोडली गेली असतील. त्यांना स्पष्ट सांगा की हा पैसा संस्था टिकावी म्हणून बाजूला ठेवतोय. पुण्यातल्या माणसाला बचत समजावून सांगावी लागत नाही.

हो कळवण्याआधी एक पूर्ण दिवस तिथे जाऊन बसा, एकट्या नाही, सरांना आणि त्या ताईला बरोबर घेऊन, हडपसरहून बसनेच. लॅपटॉप उघडून रोजचं काम करा. कुणी ताईशी स्वतःहून येऊन बोलतं का ते बघा. आणि फाउंडेशनकडून आधीच्या तुकडीतल्या, दोन वर्षं पूर्ण करून बाहेर पडलेल्या दोन संस्थांचे फोन नंबर मागून घ्या. आत असलेल्यांचे नकोत, बाहेर पडलेल्यांचेच हवेत. त्यांना विचारा की आता तुमचा हिशेब कोण लिहितं, आणि तिथे गेलात तेव्हा वर्गावर असलेल्यांपैकी किती जणी आजही तुमच्याकडे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून मगच बैठक बोलवा.

तुमची,
ताई